एकोणिसाव्या मिनिटाला

ओयार्सचं म्हणणं, तिसऱ्या अल्बमनंतर त्यांनी दुकानच टाकलं.
तालिस म्हणतो, पाचवा ऐकायला कान लागतात
आणि ते देवानं सगळ्यांना दिलेत असं नाही.
चाळीस वर्षं हेच.
लिएपायातला वारा पडत नाही आणि ह्या दोघांचा वाद मिटत नाही.
मी हेरिंग चिरते, बटाटे उकडते,
टेबलावर कुणाचा तरी चमचा सात मात्रांत वाजतो,
तीन, दोन, दोन.
'हॉलो अल्मनॅक'च्या ह्या ठेक्यावर आजवर कुणाला नाचता आलेलं नाही.
ओयार्सच्या लग्नात एकदा प्रयत्न झाला होता.
नवरी तशीच माहेरी गेली नाही, एवढंच.

पण अल्बम म्हणजे नुसतं अंगण. घर एकच:
'दीपस्तंभवाल्याची झोप'.
तेवीस मिनिटांचं गाणं.
आमच्याकडे होतं एकोणीसच मिनिटांचं.

सत्त्याहत्तर साली एका खलाशानं तबकडी आणली
साखरेच्या पोत्यात, हल बंदरातून.
एका रात्रीपुरती दिली.
टेपरेकॉर्डर माझ्याकडे होता, म्हणून रात्रही माझी.
मग माझ्या टेपवरून तालिसची, तालिसवरून ओयार्सची,
प्रतीची प्रत, तिची प्रत, थेट रीगापर्यंत.
दर प्रतीला गाणं थोडं आणखी पाण्याखाली जायचं,
पण एक गोष्ट कधी पुसट झाली नाही.
एकोणिसाव्या मिनिटाला बासरी जिना चढते,
गाणारा श्वास घेतो,
आणि
खट्.

बस. पुढे नुसती टेपची सळसळ.

त्या खट्वर आम्ही तरुणपण काढलं.
ओयार्स म्हणाला, म्हातारा मेला.
तालिस म्हणाला, दिवा विझला, म्हातारा आहे.
लोखंडाच्या कारखान्यातला आंद्रेयस फारसा बोलत नसे,
तो म्हणाला, कुलूप आहे. बाहेरून लावलेलं.
तेव्हा आमच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी वाळू विंचरून ठेवत,
रात्री कुणाची पावलं समुद्राकडे गेली तर सकाळी दिसावीत म्हणून.
आंद्रेयस बोलला आणि कुणी पुढे काही विचारलं नाही.
त्याला पुरलं तेव्हा तालिसनं पेटीच्या झाकणावर बोटाच्या पेरानं
एकदाच वाजवलं.
पाद्री आमच्याकडे बघत राहिला.

ह्या शनिवारी लीड्सहून तालिसच्या भाचीनं तबकडी पाठवली.
खरी. जुनी. कव्हरच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी कॉफीचा गोल डाग.
आम्ही चष्मे पुसून बसलो.
सतरा मिनिटं. अठरा.
बासरी जिना चढली.
गाणाऱ्यानं श्वास घेतला
आणि गात राहिला.
आणखी चार मिनिटं!
उजाडतं, म्हातारा जागा होतो,
खिडकी उघडतो, चहा मागतो.
चहा.

'हा शेवट नंतर चिकटवलाय कुणीतरी,' ओयार्स म्हणाला.
'साफ चिकटवलाय,' तालिस म्हणाला.
त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं
आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप दुमडला.

कारण त्या रात्री बाबा पाळी संपायच्या आधीच घरी आले होते.
जिन्यावर बूट वाजले.
मी बटण दाबलं, तबकडी उशीखाली सारली,
अंधारात झोपेचा श्वास घेत पडून राहिले.
पहाटे पाचला खलाशी आला, घेऊन गेला.
म्हातारा मेला नव्हता. कुलूप नव्हतं.
सोळा वर्षांची मी होते.

सांगायचं किती वेळा मनात आलं.
आंद्रेयसच्या वेळी तर ओठांवर होतं.

'पुन्हा लाव,' ओयार्स म्हणाला, हट्टानं.
पुन्हा सतरा, पुन्हा अठरा.
दोघंही टेबलाकडे बघत होते, माझ्याकडे नाही.
बासरी चढली. श्वास.
मी सुरी फळीवर आपटली.

खट्.

तालिसनं सुई उचलली.
बराच वेळ कुणी हललं नाही.
मग ओयार्स नाक शिंकरत म्हणाला,
'हं. आता बरोबर.'
आणि गार झालेले बटाटे त्यानं स्वतःच वाढून घेतले.